कुलाब्याहून अलिबागला : नानाभाई मूस यांचे कार्य
(द्वितीय वर्ष, कला)

पावसाळा सुरू झाला की आमच्या टेंभुर्णी भागात पारावर एकच विषय असतो : मंडळाच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकात पाऊस किती मिलिमीटर भरला? डाळिंबाच्या फळपीक विम्याचा हिशेब त्या आकड्यावर होतो. एका वर्षी यंत्राच्या गावी सर कोसळली आणि आमच्या रानात ढेकूळसुद्धा भिजले नाही. कागदावर मात्र पाऊस झालेला होता. शाळेची पायरी कधी न चढलेल्या माझ्या वडिलांनी तेव्हा मला विचारले, की यंत्र कुठे ठेवायचे हे ठरवते कोण? घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पण मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात असताना ग्रंथालयात मला नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे थोर शास्त्रज्ञ भेटले.

नानाभाईंचा जन्म 1859 साली मुंबईच्या पारशी समाजात झाला. उच्च शिक्षणासाठी ते एडिंबरो विद्यापीठात गेले आणि पदवी घेऊन मायदेशी परतले. 1896 साली कुलाबा वेधशाळेच्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत.

ही वेधशाळा 1826 साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली होती. केरोनाना छत्रे यांनी तरुणपणी येथेच नोकरी केली. 1841 पासून येथे हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मापने होऊ लागली. चुंबकसूची दिवसभरात किंचित हलते. तो फरक इतका सूक्ष्म असतो, की जवळपास लोखंड आणले तरी नोंद बिघडते. अशा नोंदींची मोठी परंपरा नानाभाईंच्या हाती आली.

आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर संकट आले. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. आता त्या विजेवर चालवण्याचे ठरत होते. ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांतून परत जाताना त्याचा काही भाग जमिनीत पाझरतो आणि त्यामुळे चुंबकसूची विचलित होते. म्हणजे ट्राम सुरू झाली असती, तर कुलाब्याच्या यंत्राने पृथ्वीचे चुंबकत्व न मोजता ट्रामची ये-जा मोजली असती! आकडे रोज मिळाले असते, वह्या भरल्या असत्या. फक्त ते आकडे खोटे ठरले असते.

येथेच नानाभाईंचे मोठेपण दिसते. ट्राम नकोच, असा हट्ट त्यांनी धरला नाही. शहर वाढणार हे त्यांनी ओळखले आणि यंत्रासाठी दुसरी जागा निवडली. ती जागा म्हणजे समुद्रापलीकडचे, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे 30 किलोमीटरवरचे अलिबाग. ट्रामचा उपद्रव पोचणार नाही इतके ते दूर होते आणि जुन्या नोंदींशी नव्या नोंदींचा सांधा जुळावा इतके जवळही होते. तेथील इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. उन्हाचा चढउतार यंत्रांपर्यंत पोचू नये, याचीही काळजी घेतली गेली.

पण केवळ जागा बदलून भागत नाही. दोन ठिकाणच्या मापनांत फरक असणारच. म्हणून 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. तो फरक नेमका कळल्यावरच कुलाब्याची चुंबकीय मापने थांबवण्यात आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती 1907 साली. नोंदींची साखळी तुटली नाही आणि शहराची प्रगतीही अडली नाही.

पुढे 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास त्यांनी 1910 साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. 1919 साली ते निवृत्त झाले आणि 1936 साली निवर्तले. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था तिचे काम पाहते.

हवामानाची मापने मात्र कुलाब्यातच चालू राहिली. एका ठिकाणचा आकडा साऱ्या शहराचा नसतो, हे 26 जुलै 2005 च्या प्रलयाने दाखवून दिले. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला अवघा 73. दोन्ही यंत्रे खरेच बोलत होती. पण कुर्ल्यात बुडालेल्या माणसाचे दुःख कुलाब्याच्या आकड्यात मावणारे नव्हते. आज शहराशहरांतून हवेतील धूळ आणि धूर मोजणारी यंत्रे बसत आहेत. चौकातले यंत्र वाहनांचा धूर सांगेल, बागेतले वेगळेच काही सांगेल. म्हणून आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे हे आधी ठरवावे आणि मग जागा निवडावी.

वडिलांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला अजून मिळालेले नाही. पण यंत्राची जागा सोयीने ठरवायची नसते, त्या आकड्यावर कोण अवलंबून आहे हे पाहून ठरवायची असते, एवढे मी त्यांना सांगू शकलो. ते म्हणाले काहीच नाहीत. आमच्या रानापासून ते पर्जन्यमापक किती कोसांवर आहे, हे मात्र बोटांवर मोजत राहिले.