अबूझार आयदामीरोव : चेचेन लोकांची आठवण जपणारे शाळामास्तर



चरित्र सांगायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा राजा, सेनानी नाहीतर शास्त्रज्ञ निवडतो. आज मात्र एका खेड्यातल्या शिक्षकाची ओळख करून घेऊया. या माणसाने हातात खडू घेऊन मुलांना शिकवलं आणि लेखणी घेऊन आपल्या समाजाची आठवण जपली. त्यांचं नाव अबूझार आयदामीरोव. चेचन्यात हे नाव घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे ते फारसं कुणी ऐकलेलं नसेल, म्हणूनच हा लेख.

चेचन्या कुठे आहे?

वर्गात नकाशा असेल तर काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र शोधा. या दोन समुद्रांच्या मध्ये कॉकेशस पर्वत आहे. त्याच्या उत्तर उतारावरचा छोटासा मुलूख म्हणजे चेचन्या. तो आज रशियात आहे आणि ग्रोझ्नी ही त्याची राजधानी. चेचेन भाषा रशियनपेक्षा अगदी वेगळी, वेगळ्याच भाषाकुळातली.

या भाषेची एक गोष्ट आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. आधी ती अरबी लिपीत लिहीत. १९२५ मध्ये लॅटिन लिपी आली आणि १९३८ मध्ये रशियन वळणाची सिरिलिक. म्हणजे तेरा वर्षांत दोनदा लिपी बदलली! आजोबांनी लिहिलेलं नातवाला वाचता येऊ नये, अशी वेळ आली. विचार करा, अशा घरात आठवणी कशा टिकायच्या?

बालपण आणि देशोधडी

आयदामीरोव यांचा जन्म २९ ऑक्टोबर १९२९ रोजी डोंगराळ भागातल्या मेस्केटी या गावी झाला. ते चौदा वर्षांचे असताना त्यांच्या समाजावर मोठा घाला आला.

२३ फेब्रुवारी १९४४. स्टालिनच्या हुकुमावरून सैनिकांनी चेचेन आणि इंगूश लोकांना घराबाहेर काढलं. शत्रूला साथ दिल्याचा आरोप ठेवून शिक्षा झाली ती सगळ्या समाजाला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, शाळकरी पोरं, कुणालाच सोडलं नाही. जवळपास पाच लाख लोकांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून कझाकस्तान आणि किरगिझस्तानात नेलं. थंडी, भूक आणि रोगराईने पहिल्या काही वर्षांतच फार मोठ्या संख्येने माणसं गेली. इतिहासकार हा आकडा एक चतुर्थांशाच्या आसपास धरतात.

इकडे मागे काय घडलं? नकाशावरून त्यांच्या प्रांताचं नावच पुसलं. गावांची नावं बदलली. चेचेन भाषेतली पुस्तकं नष्ट केली. कबरींवरचे कोरीव दगड उपटून बांधकामाला वापरले. माणसं हलवली तेवढ्यावर भागलं नाही. ती इथे कधी राहत होती, याची खूणही उरू नये असा हा प्रयत्न होता.

परत येण्याची परवानगी मिळाली ती १९५७ मध्ये. तेरा वर्षं गेली होती. या काळात वाढलेल्या मुलांनी मातृभाषेची शाळा पाहिलेलीच नव्हती.

शिक्षक आयदामीरोव

मायदेशी परतल्यावर आयदामीरोव यांनी शिक्षकी पेशा धरला. मेस्केटीच्या शाळेत त्यांनी शिकवलं, पुढे मुख्याध्यापकही झाले. समोर बसलेल्या मुलांपुढचा पेच त्यांना रोज दिसत असणार. शिक्षणाचं माध्यम रशियन, इतिहासाचं पुस्तक सरकारी. घरी आजी एक सांगते आणि पुस्तक दुसरंच सांगतं. चेचेन लोक आपणहून, राजीखुशीने रशियात सामील झाले, असं पुढे अधिकृतपणे शिकवलं जाऊ लागलं. १९८२ मध्ये तर त्या सामीलीकरणाची द्विशताब्दीही साजरी झाली. घरातल्या आठवणी मात्र लढायांच्या, जळालेल्या गावांच्या आणि ताटातुटीच्या होत्या.

'लांब रात्री'

१९७२ मध्ये त्यांची चेचेन भाषेतली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ 'लांब रात्री'. गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे. १८५९ मध्ये इमाम शामिल शरण गेल्यावर कॉकेशसच्या पूर्व भागातलं मोठं युद्ध संपलं. पण लोकांच्या जमिनी गेल्या आणि जाच वाढला. १८६५ मध्ये सुमारे पाच हजार चेचेन कुटुंबं घरदार सोडून तुर्कस्तानाकडे निघाली. तिकडे गेल्यावर सुख मिळेल अशी आशा त्यांना दाखवली होती. प्रत्यक्षात वाट्याला आली उपासमार आणि परकेपणा. आयदामीरोव यांनी ही कथा शेतकरी कुटुंबांच्या नजरेतून लिहिली.

आता बघा, १९४४ च्या हद्दपारीबद्दल उघड बोलायची सोय तेव्हा नव्हती. पण शंभर वर्षांपूर्वीच्या ताटातुटीची गोष्ट वाचताना वाचकांना आपलाच प्रवास दिसला नसेल का? पुस्तक हातोहात गेलं. मग पक्षाच्या अधिकाऱ्यांनी टीकेची झोड उठवली आणि पुस्तकावर बंदी आली. ते पुन्हा मोकळेपणाने मिळायला १९८० च्या दशकाचा शेवट उजाडावा लागला. आयदामीरोव मात्र थांबले नाहीत. पुढच्या दोन कादंबऱ्यांत त्यांनी १८७७ चा उठाव आणि त्यानंतरचा काळ रंगवला आणि त्रयी पूर्ण केली. चेचेन-इंगूश इतिहासाची सनावळीही तयार केली. गोष्टीला तारखांचा आधार हवा, हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको!

चालीरीती कशा जपल्या?

चेचेन लोकांचा वागण्याचा एक अलिखित नियम आहे, त्याला 'नोख्चाल्ला' म्हणतात. दारी आलेला पाहुणा सांभाळायचा. वडीलधारं माणूस आलं की उठून उभं राहायचं. आपल्या सात पिढ्यांची नावं पाठ असायला हवीत. दोन पुरुष भांडत असताना बाईने मध्ये डोक्याचा रुमाल टाकला तर भांडण तिथेच थांबवायचं. 'देचिग-पोंदर' या तीन तारांच्या वाद्यावर वीरांची गाणी म्हणतात. त्यांना 'इल्ली' म्हणतात, साधारण आपल्या पोवाड्यासारखी.

या चालींची नुसती यादी करून ती मुलाला दिली, तर ते पाठ करेल आणि परीक्षा झाली की विसरेल. गोष्टीतली माणसं तसं वागताना दिसली, तर ती चाल मनात राहते. आयदामीरोव यांनी हेच केलं, आणि तेही त्याच भाषेत, जिच्यात त्या चाली जगल्या जातात.

अखेरचा काळ

१९९० च्या दशकात चेचन्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्या वेळच्या राष्ट्रगीताचे शब्द आयदामीरोव यांचे होते. डिसेंबर १९९४ मध्ये युद्ध पेटलं. ग्रोझ्नी उद्ध्वस्त झालं आणि तिथलं राष्ट्रीय ग्रंथालयही बेचिराख झालं. पुस्तकं नष्ट होताना त्यांच्या समाजाने दुसऱ्यांदा पाहिली. २७ मे २००५ रोजी आयदामीरोव यांचं निधन झालं. ग्रंथालय पुढे नव्याने उभं राहिलं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मेस्केटीत त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला भेटायला सांगा. आई-वडील दोन्हीकडच्या जितक्या पिढ्यांची नावं मिळतील तितकी वहीत लिहू द्या.

२. आता बंद पडलेली घरातली एखादी चाल विचारून यायला सांगा. तिच्यावर निबंध नको, दहा ओळींची गोष्ट लिहून घ्या.

३. ती गोष्ट घरी जशी बोलतात तशीच, बोलीत लिहू द्या. बोलीतल्या शब्दांवर लाल पेन चालवू नका.

पालकहो, ही नावं आणि गोष्टी सांगणारी माणसं आज आपल्या घरात आहेत. ती आहेत तोवर विचारून घेऊया. आयदामीरोव यांच्या समाजाच्या हातून पुस्तकं गेली, लिपी गेली, काही काळ गावंही गेली. तरी आठवण उरली, कारण कुणीतरी ती सांगितली आणि एका शिक्षकाने ती लिहून ठेवली.