दागिन्यांचे तोफगोळे

चांदबीबी म्हटलं की हातात तलवार घेतलेली, चेहऱ्यावर पडदा असलेली राणीच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण ही राणी फुलांची चित्रं काढायची आणि सतार वाजवायची, हे किती जणांना ठाऊक आहे? अरबी, फारसी, तुर्की, कानडी आणि आपली मराठी, एवढ्या भाषा तिला येत होत्या. आपल्या गॅदरिंगला ती असती तर बाकीच्यांना बक्षीस मिळणं कठीणच होतं!

ती नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. नगरचा भुईकोट किल्ला दगडात बांधून काढला तो यानेच. लग्न होऊन ती विजापूरला अली आदिलशहाकडे गेली. १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर त्याचा लहानगा पुतण्या इब्राहीम बसला आणि त्याची जबाबदारी चांदबीबीवर आली. दरबारातल्या किश्वरखानाला ते खुपलं. त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पुढे ती सुटली. हाच इब्राहीम मोठेपणी संगीत आणि चित्रकलेचा दर्दी म्हणून गाजला. त्यात चांदबीबीचा काहीच वाटा नसेल, असं मला तरी वाटत नाही.

नंतर ती माहेरी परतली. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान यांनी नगरला वेढा घातला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी काही शोधून त्यातली दारू उपसून टाकली, पण एक उडालाच आणि तटाला मोठं खिंडार पडलं. लोक पळायच्या बेतात होते. तेव्हा चांदबीबी तलवार घेऊन स्वतः खिंडारात उभी राहिली. दिवसभर लढाई झाली आणि रात्रीत तिने भिंत पुन्हा उभी करवली. वडिलांनी बांधलेला तट मुलीने एका रात्रीत बुजवला. आपल्या सिव्हिलवाल्यांनी वेळापत्रक कसं पाळतात ते इथून शिकावं.

दारूगोळा संपत आला तेव्हाची एक गोष्ट दख्खनमध्ये सांगतात. तिने आधी तांब्याचे गोळे ओतवले, मग चांदीचे, मग सोन्याचे, आणि शेवटी अंगावरचे दागिनेही तोफांत भरले. खरं-खोटं बाजूला ठेवून वर्कशॉपच्या नजरेने बघू या. तांबं १०८५ अंशांना वितळतं, सोनं १०६४ ला, चांदी ९६२ ला. म्हणजे सोनाराची मूस आणि भाता असला की काम भागतं. शिवाय सोनं शिशाच्या १.७ पट जड. गोष्ट वेडी वाटते, पण अशक्य नाही. मला मात्र त्या मुशीत पडलेल्या दागिन्यांचं वाईट वाटतं. फुलांची पाकळी न पाकळी रंगवणाऱ्या बाईला त्यांच्यावरचं नाजूक काम कळत नसेल का?

१५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड गेलं, नगर वाचलं. चार वर्षांनी मुघल पुन्हा आले. आता टिकाव लागणार नाही हे तिने ओळखलं आणि बोलणी करायचं ठरवलं. ती फितूर झाली अशी आवई उठली आणि १६०० मध्ये तिच्याच लोकांनी महालात घुसून तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्लाही पडला.

नगरजवळच्या डोंगरावर जी इमारत ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून आपण ट्रिपला बघतो, ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. तिची आठवण बघायची तर भुईकोटाच्या तटाकडे जावं.