गाडी खाली बसवायची म्हणजे फक्त स्प्रिंग बदलायची का? कॉलिन चॅपमननं आयुष्यभर हेच गणित सोडवलं

वेगवान गाडी हातात आली की अनेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट डोळ्यात खुपायला लागते. मग आखूड स्प्रिंग मागवल्या जातात. शॉकअप मात्र कंपनीचेच ठेवले जातात, कारण ते महाग असतात. गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसते, फोटो भारी येतात.

आणि पहिल्याच खराब रस्त्यावर गाडी टणाटण उडायला लागते.

आता चूक कुणाची? स्प्रिंगची, शॉकअपची, की गाडी खाली आणणाऱ्याची?

या प्रश्नाच्या मागं एका इंग्रज माणसानं जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं. त्यात त्यानं फॉर्म्युला वनमध्ये कंपनीला 7 जगज्जेतेपदं मिळवून दिली, मोटारींची रचनाच बदलून टाकली आणि बदनामीही ओढवून घेतली. त्याचं नाव कॉलिन चॅपमन, लोटस कंपनीचा संस्थापक.

हॉटेलच्या मागचा तबेला

चॅपमनचा जन्म 19 मे 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडमधला. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. पोरगं हुशार होतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यानं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. म्हणजे पूल आणि इमारती कशा उभ्या राहतात, कुठल्या दांडीवर किती भार येतो, याचं शिक्षण. सोबत विमान चालवायलाही शिकला.

पण त्याचा जीव गाड्यांत. कॉलेज करता करता तो जुन्या गाड्या घ्यायचा आणि विकायचा. 1947 साली ब्रिटननं खाजगी गाड्यांचं पेट्रोल रेशन बंद केलं आणि हा धंदा बसला. हातात एक न खपणारी जुनी ऑस्टिन सेव्हन उरली.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. चॅपमननं तिची बॉडी काढून फेकली आणि प्लायवुड व अ‍ॅल्युमिनियमची हलकी पण ताठ बॉडी बसवली. काम झालं ते त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. ही 1948 ची गाडी म्हणजे पहिली लोटस.

1952 च्या सुरुवातीला वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवल होतं हेझलनं उसने दिलेले 25 पौंड. पुढं 1954 साली दोघांनी लग्न केलं.

सगळे कडक स्प्रिंग लावत होते, यानं उलटं केलं

त्या काळच्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा एक ठरलेला फॉर्म्युला होता. स्प्रिंग दगडासारख्या कडक, खालची चासी मात्र लवचिक. गाडी वळणात झुकली नाही म्हणजे ती चांगली, असा समज. खड्डा आला की स्प्रिंग दबायच्या ऐवजी चासीच पिळवटायची.

चॅपमनचं शिक्षण पूल बांधण्याचं. त्याला हे पटणं शक्य नव्हतं. त्यानं गणित उलटं मांडलं. चासी ताठ ठेवा, गाडीचं वजन कमी करा, स्प्रिंग मऊ ठेवा आणि तिच्यावर ताबा ठेवायला नेमका शॉकअप द्या.

हे समजायला जरा थांबून स्प्रिंग आणि शॉकअपची भानगड बघू.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. खड्ड्यात दबताना ती ताकद साठवते आणि लगेच परत फेकते. एकट्या स्प्रिंगवर गाडी सोडली तर एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ वरखाली झुलत राहील. हे झुलणं थांबवायचं काम शॉकअपचं, इंजिनिअर ज्याला डॅम्पर म्हणतात. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची ताकद उष्णतेत विरून जाते.

म्हणजे ही जोडी आहे. स्प्रिंग जितकी कडक, तितकी ती जोरात उसळणार आणि तितकाच तिला आवरणारा शॉकअप तगडा लागणार. स्प्रिंग 30 टक्के कडक केली, तर आधीइतकाच ताबा राखायला डॅम्पिंग साधारण 14 टक्क्यांनी वाढवावं लागतं. ते वाढवलं नाही तर खड्ड्यावर टायर रस्ता सोडतो. आणि हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग कळतं.

दुसरी अडचण जागेची. समजा कंपनीच्या शॉकअपला दबायला 80 मिलिमीटर जागा आहे. गाडी 35 मिलिमीटर खाली आणली की उरली 45. म्हणून आखूड स्प्रिंग कडकही करावी लागते, नाहीतर शॉकअप सारखा रबरी बंपस्टॉपवर आदळणार. पण कडक केली की पुन्हा शॉकअप कमी पडतो. थोडंसंच खाली, थोडंसंच कडक असेल तर कंपनीचे चांगल्या स्थितीतले शॉकअप निभावून नेतात. हाव वाढली की जोडी तुटते.

चॅपमननं हे तत्त्व सगळ्यात सुंदर रीतीनं दाखवलं ते 1962 च्या लोटस एलानमध्ये. मधोमध पोलादी कण्यासारखी चासी, वर फायबरची बॉडी, वजन 700 किलोच्या आतबाहेर आणि मऊ स्प्रिंग. वळणात ती थोडी झुकायची, पण चारही टायर रस्त्याला चिकटून असायचे. पुढं 1989 मध्ये माझदानं एमएक्स-5 आणली, तेव्हा डोळ्यासमोर हीच गाडी होती.

घरगुती कॉर्टिनाला रेसर बनवताना

1963 साली फोर्डसाठी चॅपमननं एक गाडी तयार केली, लोटस कॉर्टिना. साधी कॉर्टिना ही बाजारहाट करणाऱ्या कुटुंबाची गाडी. तिच्यात 105 हॉर्सपॉवरचं लोटसचं इंजिन बसवायचं होतं आणि गाडी खालीही आणायची होती.

नुसत्या आखूड स्प्रिंग टाकून चॅपमन मोकळा झाला नाही. पुढं स्ट्रटच लहान केले आणि खालचे आर्मही बदलले. कारण असल्या गाड्यांत फक्त स्प्रिंग आखूड केली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो, चाकाची बसण्याची तऱ्हा बदलते आणि गाडी खाली येऊनही वळणात झुकायची ओढ कमी होत नाही. मागं ट्रकला असतात तसे पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि डॅम्पर बसवले. एक्सल जागेवर धरायला इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची फ्रेम डिफरन्शियलला जोडली.

ट्रॅकवर गाडीनं कमाल केली. आतलं पुढचं चाक हवेत उचलून वळणारी लोटस कॉर्टिना ही त्या दशकाची ओळखच बनली. जिम क्लार्कनं 1964 ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप तिच्यावरच जिंकली.

पण रोजच्या वापरात दुखणं सुरू झालं. फ्रेमचा भार डिफरन्शियलच्या केसिंगवर यायचा. तिथून तेल झिरपायचं, ते फ्रेमच्या रबरी बुशांवर पडायचं आणि बुश मऊ पडायचे. शेवटी 1965 मध्ये ही सगळी हुशारी काढून मागं पुन्हा पाटेच बसवावे लागले.

सस्पेन्शनमधला एक भाग बदलला की त्याचा भार कुठंतरी दुसरीकडं जातो. तो कुठं जातोय हे बघितलं नाही, तर तिथलं काहीतरी तुटतं.

जिंकण्याची आणि हलकेपणाची किंमत

साठच्या दशकात लोटसचा दबदबा होता. 1962 च्या लोटस 25 मध्ये चॅपमननं पाइपांच्या सांगाड्याऐवजी विमानासारखी पत्र्याची पेटी वापरली. क्लार्क 1963 आणि 1965 मध्ये जगज्जेता झाला. 1965 मध्ये त्यानं अमेरिकेची इंडियानापोलिस 500 सुद्धा मारली. गाडी जिंकली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावायचा. 1968 मध्ये हॉकेनहाइमला एका फॉर्म्युला टू शर्यतीत क्लार्क गेला आणि चॅपमन कोलमडला.

त्याच वर्षी लोटसनं गाडीवर उंच पंख लावला. हा पंख बॉडीवर न लावता थेट चाकांच्या हबवर टेकवला होता. म्हणजे हवेचा दाब स्प्रिंगला न दाबता सरळ टायरवर. कल्पना अफलातून, पण पंखाचे दांडे बारीक. 1969 मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे पंख मोडले. रिंट जखमी झाला. त्यानं चॅपमनला पत्र लिहून गाड्या मजबूत करण्याची विनवणी केली.

5 सप्टेंबर 1970 ला मोंझामध्ये सराव करताना रिंटच्या गाडीचा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला. गाडी ट्रॅकच्या कठड्यावर आदळली आणि तो गेला. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो फॉर्म्युला वनमधला एकमेव ड्रायव्हर आहे. वजन कमी करण्याच्या हट्टात चॅपमन सुरक्षेची सीमा ओलांडतो, हा आरोप त्याला कायमचा चिकटला.

गाडी जमिनीला चिकटली, पण स्प्रिंगनं सूड घेतला

1977 मध्ये लोटस 78 आली आणि पुढच्या वर्षी लोटस 79. गाडीचे दोन्ही बाजूचे भाग उलट्या पंखासारखे होते आणि कडेला जमिनीपर्यंत सरकत्या पट्ट्या. गाडीखालची हवा वेगानं पळायची, तिथला दाब कमी व्हायचा आणि गाडी रस्त्याला ओढली जायची. मारिओ आंद्रेत्ती 1978 चा जगज्जेता झाला.

चॅपमनची हाव वाढली. 1979 च्या लोटस 80 मध्ये आणखी ओढ तयार केली. पण गाडी वेगात डुचमळायला लागली. खाली ओढली जायची, ओढ तुटायची, स्प्रिंग वर फेकायची, पुन्हा ओढली जायची. फक्त 3 शर्यतींत ती धावली. त्या वर्षी लोटसनं एकही शर्यत जिंकली नाही.

हे थांबवायला सगळ्या टीमनी स्प्रिंग इतक्या कडक केल्या की ड्रायव्हरची हाडं खिळखिळी व्हायची वेळ आली. ज्या कडकपणाविरुद्ध चॅपमन उभा राहिला होता, त्याच्याच शोधानं तो परत आणला.

पेच साधा होता. जमिनीपासूनची उंची कायम ठेवायला स्प्रिंग कडक हवी आणि टायर रस्त्यावर ठेवायला मऊ. एकच स्प्रिंग दोन्ही कामं कशी करणार?

चॅपमनचं उत्तर होतं, मग दोन गाड्या बनवा! 1981 च्या लोटस 88 मध्ये खरंच एकात एक दोन चासी होत्या. बाहेरची बॉडीची, चाकांवर कडक स्प्रिंगनं बसवलेली, हवेचा दाब घेणारी. आतली ड्रायव्हर आणि इंजिनाची, मऊ स्प्रिंगवर. बाकीच्या टीमनी तक्रारी केल्या, गाडी बाद ठरली आणि एकही शर्यत धावली नाही. चॅपमनला हे फार लागलं.

शेवटचा दिवस

मग त्यानं ठरवलं की मामुली स्प्रिंग आणि शॉकअपच नकोत. कॉम्प्युटरनं सांगावं आणि हायड्रॉलिक जॅकनं चाक वरखाली करावं. 16 डिसेंबर 1982 ला लोटसच्या टीमनं हे अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन बसवलेल्या फॉर्म्युला वन गाडीची पहिली चाचणी घेतली.

त्याच दिवशी हृदयविकाराच्या झटक्यानं चॅपमन गेला. वय होतं फक्त 54.

मागं वादही उरला. लोटसनं डीलोरियन गाडीचं इंजिनिअरिंग केलं होतं. त्या प्रकल्पातले लाखो पौंड पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत गायब झाले होते. लोटसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला 1992 मध्ये त्याबद्दल तुरुंगवास झाला. चॅपमन जिवंत असता तर तोही कोर्टात उभा राहिला असता, असं आजही मानलं जातं.

त्याचं सस्पेन्शन मात्र जिंकलं. 1987 मध्ये आयर्टन सेनानं अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनच्या लोटसमधून मोनॅको आणि डेट्रॉइटच्या शर्यती मारल्या.

आता सुरुवातीचा प्रश्न. कंपनीच्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग लावणारा माणूस तोच सौदा करतोय, जो चॅपमन चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत करत होता. उंची कमी होते, पण शॉकअपची जागा आणि ताबाही कमी होतो. चॅपमनकडं इंजिनिअरांची फौज होती, तरी त्याला दरवेळी कुठंतरी किंमत मोजावी लागली. म्हणून गॅरेजवाल्याला गाडी किती खाली येईल हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. स्प्रिंग किती कडक आहे, शॉकअपला दबायला किती जागा उरते आणि आत्ताचे शॉकअप किती झिजलेत? उत्तर मिळालं नाही, तर ती फट तशीच राहू द्या. तिथंच तुमचं चाक खड्ड्यात वर जाणार आहे.