आर्थर लिडियार्ड : सामान्यांना धावायला शिकवणारा ऑकलंडचा गुरू

ऑकलंडच्या कॉर्नवॉल पार्कमध्ये आज कोणत्याही सकाळी फेरफटका मारला तर सर्व वयांची आणि अनेक देशांतून आलेली माणसे संथ गतीने धावताना दिसतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. मध्यमवयीन गृहस्थाने किंवा गृहिणीने रस्त्यावरून धावण्यात आता कोणालाच काही वावगे वाटत नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मात्र असे दृश्य विरळा होते. धावणे हे तरुण स्पर्धकांचे काम, चाळिशीनंतर शरीराला जपावे, आणि हृदयविकाराच्या रुग्णाने तर अंथरूण सोडू नये, अशीच त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. ती बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते आर्थर लिडियार्ड याच शहराचे सुपुत्र होत.

लिडियार्ड यांचा जन्म ६ जुलै १९१७ रोजी ऑकलंड येथे झाला. क्रीडाशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पादत्राणांच्या कारखान्यात काम करून ते संसार चालवीत. पुढे त्याला जोड म्हणून पहाटे घरोघरी दूध पोहोचवण्याचे कामही त्यांनी केले. तरुणपणी ते रग्बी खेळत आणि आपली प्रकृती ठणठणीत आहे, असे त्यांना वाटे. एकदा क्लबमधील एका वयाने मोठ्या सहकाऱ्याबरोबर ते सुमारे पाच मैल धावले. परतल्यावर त्यांची छाती भरून आली आणि पायांत त्राण उरले नाही. विशीतच ही अवस्था, तर पन्नाशीत काय होईल, या विचाराने ते अस्वस्थ झाले. त्यांच्या पुढील आयुष्यातील सारे कार्य या अस्वस्थतेतून उभे राहिले.

प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचेच शरीर वापरले. कधी आठवड्याला थोडे अंतर, तर कधी अडीचशे मैलांपर्यंत धावून त्यांनी कशाने शक्ती वाढते आणि कशाने ती खचते, हे पारखून पाहिले. ही तपासणी अनेक वर्षे चालली. आठवड्याला सुमारे शंभर मैल, म्हणजे एकशे साठ किलोमीटर, दम न लागेल अशा बेताच्या गतीने धावल्यास हृदय व फुप्फुसे यांची क्षमता पायाभूत स्वरूपात वाढते, हा त्यांचा निष्कर्ष होता. हा पाया भक्कम झाल्यावर टेकड्यांवरील धाव आणि अगदी शेवटी वेगाचा सराव, अशी त्यांची क्रमवार पद्धत होती. या पद्धतीच्या बळावर ते १९५० मध्ये ऑकलंडलाच झालेल्या ब्रिटिश एम्पायर स्पर्धेत न्यूझीलंडतर्फे मॅरेथॉन धावले. १९५३ आणि १९५५ मध्ये ते देशाचे मॅरेथॉन विजेते ठरले.

ओवाइराका या उपनगरातील त्यांच्या घरी हळूहळू तरुण जमू लागले. दर रविवारी ही मंडळी वायटाकेरेच्या डोंगरांतील वायटारुआ मार्गाची बावीस मैलांची चढउताराची फेरी पूर्ण करीत. आठशे मीटर धावणाऱ्यालाही त्यातून सूट नव्हती. पुष्कळ जाणकारांना हा वेडेपणा वाटे. त्या तरुणांपैकी मरे हॅलबर्ग यांचा डावा हात सतराव्या वर्षी रग्बीच्या मैदानावर झालेल्या दुखापतीमुळे कायमचा अधू झाला होता. अशा मुलाचे क्रीडाजीवन संपले, असे कोणीही म्हटले असते. लिडियार्ड यांनी मात्र त्याच्यातील जिद्द आणि सुदृढ पाय पाहिले.

२ सप्टेंबर १९६० हा दिवस न्यूझीलंडच्या इतिहासात अजरामर झाला. रोम ऑलिंपिकमध्ये फारसे परिचित नसलेल्या एकवीस वर्षांच्या पीटर स्नेल यांनी आठशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर तासाभराच्या आतच हॅलबर्ग यांनी पाच हजार मीटरचे सुवर्ण पटकावले. काही दिवसांनी बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवले. भारतीयांना हीच स्पर्धा मिल्खासिंग यांच्या हुकलेल्या पदकामुळे आठवते. चिमुकल्या देशातील एका उपनगरात सराव करणाऱ्या तिघांनी मिळवलेल्या या यशाने जग चकित झाले. स्नेल यांनी १९६४ मध्ये टोकियोत आठशे आणि पंधराशे मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली.

येथेच चरित्र संपले असते, तर लिडियार्ड केवळ एक थोर प्रशिक्षक म्हणून ओळखले गेले असते. परंतु विजेत्यांना उपयोगी पडलेले तत्त्व सामान्य माणसालाही लागू पडते, हे त्यांनी ओळखले. निवृत्त झालेले धावपटूही थोड्याशा संथ धावेने तंदुरुस्त राहतात, हे त्यांनी पाहिले होते. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी, पुढे ऑकलंडचे महापौर झालेले कॉलिन के यांच्या साहाय्याने, त्यांनी प्रौढांचा एक गट उभा केला. त्यातून ऑकलंड जॉगर्स क्लब आकाराला आला. हृदयविकाराचे झटके येऊन गेलेली माणसेही त्यात होती. नियम साधा होता : शेजारच्याशी सहज बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, दम लागला तर चालायचे आणि कोणाशीही स्पर्धा करायची नाही. घड्याळ, मैदान, शुल्क किंवा पूर्वतयारी यांची अट त्यात नव्हती. त्यामुळे धावण्याचे दार सर्वांसाठी उघडले.

१९६२च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन ऑकलंडला आले. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन स्वतःला तंदुरुस्त समजत. लिडियार्ड यांच्या गटाबरोबर ते एका सकाळी धावले आणि लवकरच मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला थांबले, गप्पा मारीत राहिले. बॉवरमन यांच्याकडे उत्तर द्यायलाही श्वास उरला नव्हता. मायदेशी परतताच त्यांनी गावकऱ्यांसाठी असेच वर्ग सुरू केले आणि १९६७ मध्ये जॉगिंगवर एका डॉक्टरांच्या साथीने पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत पसरलेल्या या लाटेचा उगम ऑकलंडच्या उद्यानात होता.

मुलांच्या बाबतीत लिडियार्ड यांची दृष्टी काळाच्या पुढे होती. कोवळ्या वयात वेगाचा कठोर सराव लादल्यास मूल थकते आणि खेळालाच दुरावते, असा त्यांचा आग्रही इशारा असे. मुलांनी मनसोक्त, बेताने आणि आनंदाने धावावे. पदके नंतर पाहता येतील, ही त्यांची शिकवण होती. आज जिला शारीरिक साक्षरता म्हणतात, तिचा गाभा याहून वेगळा नाही. शरीर ओळखणे, त्यावर विश्वास ठेवणे आणि आयुष्यभर ते हलते ठेवणे, हे अक्षरज्ञानाइतकेच मूलभूत आहे. हॅलबर्ग यांनीही हा वारसा आपल्या परीने पुढे नेला. १९६३ मध्ये त्यांनी अपंग मुलांसाठी न्यास स्थापन केला आणि शारीरिक अपंगत्व असलेल्या तरुणांना खेळात सामावून घेण्याचे कार्य ती संस्था आजही करते.

स्वदेशातील क्रीडा अधिकाऱ्यांशी लिडियार्ड यांचे अनेकदा खटके उडाले. स्पष्टवक्तेपणा हा त्यांचा गुणही होता आणि दोषही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मेक्सिकोत आणि नंतर फिनलंडमध्ये मार्गदर्शन केले. फिनलंडमध्ये त्यांच्या विचारांनी प्रशिक्षकांची एक पिढी घडवली आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या धावपटूंनी पाच हजार, दहा हजार व पंधराशे मीटरची सुवर्णपदके जिंकली. न्यूझीलंडने १९९० मध्ये त्यांना देशाचा सर्वोच्च सन्मान, ऑर्डर ऑफ न्यूझीलंड, बहाल केला.

११ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेतील व्याख्यानदौऱ्यावर असताना टेक्सासमध्ये त्यांचे निधन झाले. सत्त्याऐंशीव्या वर्षीही ते परमुलखात लोकांना धावण्याचे महत्त्व सांगत फिरत होते. त्यांच्या शिष्यांची पदके संग्रहालयांत आणि इतिहासाच्या पानांत जतन झाली आहेत. परंतु प्रकृतीची धास्ती बाजूला सारून पहाटे घराबाहेर पडणारा आणि सोबत्याशी दोन शब्द बोलत संथपणे धावणारा प्रत्येक सामान्य माणूस हेच त्यांचे खरे स्मारक होय.