गहाणातून आलेले व्हायोलिन

जाझ म्हटले की ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांचा निनाद कानांत घुमू लागतो. त्या कोलाहलात नाजूक आवाजाच्या व्हायोलिनला स्थान ते कोठले? १९२०च्या दशकात अमेरिकेत ज्यो व्हेनुटी यांनी ते मिळवून दिले. युरोपात ते श्रेय प्रामुख्याने स्तेफान ग्रापेली यांचे.

२६ जानेवारी १९०८ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या ग्रापेलींचे बालपण विपन्नावस्थेत गेले. आई लवकर वारली. इटालियन वडील पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले आणि मुलाच्या वाट्याला अनाथालय आले. युद्धानंतर पित्याने आपला सूट गहाण टाकून त्याला व्हायोलिन घेऊन दिले. मुलगा रस्त्यांवर वाजवू लागला, पुढे मूकपटांना साथ करू लागला. पोट भरता भरता विद्या पदरी पडली.

१९३४ मध्ये पॅरिसमध्ये 'हॉट क्लब'चे पंचक उभे राहिले. १९२८च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झालेले जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट हे ग्रापेलींचे सहकारी. तीन गिटार, एक डबल बास आणि एक व्हायोलिन. ड्रम नाही, ट्रम्पेटही नाही. ही उणीवच वरदान ठरली. ताल गिटारांनी धरला. छेडताच विरणाऱ्या त्यांच्या स्वरांवर गजाचा अखंड स्वर सहज तरंगू लागला.

१९३९ मध्ये महायुद्ध भडकले तेव्हा हे पंचक लंडनमध्ये होते. जँगो पॅरिसला परतले, ग्रापेली तेथेच राहिले. १९४६ मध्ये पुनर्भेट झाली. परंतु १९५३ मध्ये जँगो निवर्तले. त्यानंतर ग्रापेलींनी कित्येक वर्षे हॉटेलांतूनही वादन केले. १९७०च्या दशकात येहुदी मेन्युहिन यांच्यासह काढलेल्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांना नवे श्रोते दिले. १९८४ मध्ये आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्यासमवेतही त्यांनी ध्वनिमुद्रिका केली. १ डिसेंबर १९९७ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

गरीब मुलाच्या संगीतशिक्षणावरील खर्च अंदाजपत्रकात नेहमीच अनुत्पादक ठरतो, कारण त्याचे फळ वर्षअखेरीस दिसत नाही. ग्रापेलींच्या बाबतीत ते सात दशके मिळत राहिले. पण अनाथालयातील किती मुलांच्या पित्यांजवळ गहाण टाकण्याजोगे काही असते? जे कर्तव्य समाजाचे, ते एका पित्याच्या कपड्यांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.