सर्पगंधेची मुळी, डॉ. वकील आणि थिजलेले ससे

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० च्या वर मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला रक्तदाब कमी करणारे एकही भरवशाचे औषध देता आले नाही, कारण ते नव्हतेच. मीठ तोडणे, झोपेच्या गोळ्या देणे आणि फारच झाले तर पाठीतल्या मज्जातंतूंची मोठी शस्त्रक्रिया करणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. त्याच काळात मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एक तरुण पारशी डॉक्टर रक्तदाबाच्या रुग्णांना एका झुडपाच्या मुळीची भुकटी गोळीतून देत होते आणि प्रत्येकाचे आकडे लिहून ठेवत होते. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

वकील यांचा जन्म १९११ चा, मुंबईतला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झाले. तिथे राहून नाव कमावण्याची संधी असताना १९३८ च्या सुमारास ते मुंबईला परतले. ही मुळी सर्पगंधेची. सर्पगंधेचे झुडूप गुडघ्या-मांडीएवढे, फुलांचे देठ लालसर आणि मुळे वेडीवाकडी. वैद्य ती शतकानुशतके सर्पदंशावर, झोपेसाठी आणि उन्मादावर देत आले. बिहारकडे तिला वेड्यांचे औषध म्हणूनच ओळखत. मुळीत रक्तदाब उतरवण्याचा गुण आहे, हे वकील यांनी पहिल्यांदा सांगितले असे नाही. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते छापून सांगितले होते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. हिमालया कंपनीची सर्पिना ही गोळी १९३४ पासून बाजारातही होती. तरीही देशाबाहेर फारसे कुणी लक्ष दिले नाही. आपल्याकडच्या औषधांचे पुष्कळदा असेच होते. गुण सगळ्यांना ठाऊक असतो, पण मोजमाप कुणी केलेले नसते.

वकील यांनी मोजमाप केले. रक्तदाब दिवसातून दहा वेळा बदलतो. डॉक्टरला पाहून चढतो, पडून राहिले की उतरतो. म्हणून दोन-चार रुग्णांना बरे वाटले, यावर त्यांचे समाधान होणार नव्हते. जवळजवळ दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांनी ५० निवडक रुग्णांवरचा अहवाल लिहिला. तो १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला आणि तेव्हा जगाने मान वळवली. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक शुद्ध स्वरूपात काढला. त्याचे नाव रिसर्पीन. दोन-तीन वर्षांतच न्यूयॉर्कचे नाथन क्लाइन ते मनोरुग्णांना देऊ लागले. मुळीचा हा दुसरा उपयोगही आपल्याकडे जुनाच होता.

येथून गोष्टीला वेगळे वळण लागते. रक्तदाबासाठी रिसर्पीनचा डोस एक मिलिग्रॅमचाही लहानसा अंश असतो. मनोरुग्णालयांत मात्र ते कित्येक मिलिग्रॅमने दिले जाऊ लागले. काही आठवड्यांत त्यातल्या काही रुग्णांचा चेहरा मुखवट्यासारखा भावशून्य झाला, पावले फरफटू लागली, हात थरथरू लागले. हुबेहूब कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. औषध बंद केले की तो ओसरे. गोळी देऊन आणता येतो आणि गोळी थांबवून घालवता येतो, असा कंपवात तोपर्यंत कुणी पाहिला नव्हता. दुष्परिणाम म्हणून हे वाईटच, पण संशोधकांना मात्र शोधाची वाट सापडली.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पीन टोचले. ससे बसल्या जागी थिजले, कान गळाले, हलवले तरी हलेनात. मग त्यांना डोपा नावाचे रसायन टोचले. सुमारे पंधरा मिनिटांत कान ताठ झाले आणि ससे पळू लागले. डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. तोवर डोपामिन हा मेंदूतला केवळ कच्चा माल समजला जाई. हालचाल सुरू करणारा संदेश तेच वाहून नेते, हे या सशांनी दाखवले. हा शोधनिबंध १९५७ मध्ये नेचरमध्ये आला. त्याच वर्षी सर्पगंधेवरील कामासाठी डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुळीचा गुण गौरवला गेला आणि तिच्या दोषातून नवे दार उघडले, ते एकाच वर्षी.

रिसर्पीन नेमके काय करते? बाजार समितीच्या आवारात ज्वारी आली आहे आणि भरायला पोती नाहीत, अशी कल्पना करा. माल उघड्यावर पडतो, पाखरे-उंदीर तो संपवतात आणि गाडी लागते तेव्हा पाठवायला काही उरत नाही. मज्जापेशीत डोपामिन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असते. रिसर्पीन ती भरणीच बंद पाडते. पेशी जिवंत असते, पण तिचे कोठार रिकामे होते.

हे कोठार आहे मेंदूच्या देठात. मेंदू आणि पाठीचा कणा यांना जोडणारा अंगठ्याएवढा जाड भाग म्हणजे ब्रेनस्टेम. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, शुद्ध, सगळ्याचे दोर येथून जातात. त्याच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. त्यातल्या काही लाख पेशी डोपामिन तयार करतात आणि लांब तंतूंवाटे मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागाकडे पाठवतात. कंपवाताच्या रुग्णांत हाच पट्टा फिका पडतो, हे शवविच्छेदनातून १९१९ पासून माहीत होते. फिका पडल्याने हालचाल का अडते, हे मात्र कळत नव्हते. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविझ यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा स्ट्रायटममधले डोपामिन अगदी घटलेले आढळले. मग माँट्रियलमध्ये पॉइरियर आणि सोर्क्स यांनी माकडांच्या ब्रेनस्टेमच्या वरच्या भागात एका बाजूला सूक्ष्म इजा केली. त्या बाजूच्या स्ट्रायटममधले डोपामिन गेले आणि विरुद्ध बाजूचे हातपाय मंदावले. मात्र थरथर हुबेहूब उमटायला काळ्या पट्ट्याबरोबर लहान मेंदूशी जोडणाऱ्या वाटाही दुखावाव्या लागल्या. कंपवाताच्या सगळ्याच रुग्णांचे हात थरथरत नाहीत, काही नुसतेच मंदावतात आणि त्यांचे निदान उशिरा होते. ही गोष्ट त्या प्रयोगांच्या उजेडात समजून घेता येते.

प्राण्यांवरच्या या प्रयोगांना मर्यादाही आहेत. सशाचे डोपामिन काही तासांत रिकामे झाले आणि काही दिवसांत भरून आले. माणसाचा काळा पट्टा वर्षानुवर्षे झिजत जातो आणि झिजलेली पेशी परत येत नाही. शिवाय ब्रेनस्टेममध्ये आणखी खाली, चालणे आणि तोल यांच्याशी संबंधित पेशींचा एक पुंजका आहे. माकडांत तो दुखावला तर तीही जागच्या जागी थिजतात. कंपवाताच्या जुन्या रुग्णांना गोळ्यांनी हात सुटतात, पण तोल जातच राहतो. ही पडझड केवळ डोपामिनने का सुधारत नाही, याचे एक कारण संशोधक तिथे शोधत आहेत.

डोपापासूनच पुढे लेव्होडोपाची गोळी आली. गंमत अशी, की लेव्होडोपा ज्या बियांत भरपूर असते ती खाजकुहिली आपल्या बांधावरची, कुंपणावरची वेल. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच तिच्या बियांतून ते वेगळे केले होते. तेव्हा त्याचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

डॉ. वकील यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. हृदयविकाराच्या झटक्याआधी छातीत येणाऱ्या इशाऱ्याच्या कळांवर त्यांनी काम केले. पण देशभरच्या डॉक्टरांना ते ओळखीचे झाले ते पुस्तकांमुळे. गोलवाला यांच्याबरोबर लिहिलेले रुग्णतपासणीचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. भारतीय डॉक्टरांनी भारतीय रुग्णांसाठी लिहिलेला ए. पी. आय.चा मोठा वैद्यकग्रंथ १९६९ मध्ये प्रथम निघाला, तो त्यांच्या संपादनाखाली. २० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत रक्तदाबाची नवी, सोसायला सोपी औषधे आली होती आणि रिसर्पीन मागे पडत चालले होते. उदासीनता आणि मंदपणा ही त्यामागची मोठी कारणे. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते २००० मध्ये.

रिसर्पीन मागे पडले तरी गोळीने येणारा कंपवात गेलेला नाही. अकोला-अमरावतीच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सहज हाती पडणाऱ्या कितीतरी गोळ्या डोपामिनच्या वाटेत उभ्या राहतात. चक्करीसाठीच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, मळमळीसाठीची मेटोक्लोप्रामाइड आणि ॲसिडिटीच्या गोळीत मिसळून येणारी लेव्होसल्पिराइड या त्यांपैकी काही. त्या कोठार रिकामे करत नाहीत. डोपामिन जिथे पोहोचायचे ते दारच बंद करतात. परिणाम मात्र तोच होतो. ॲसिडिटीची गोळी सहा-सहा महिने चालू राहते आणि घरातल्या आजीचे चालणे हळू होते, सही बारीक होते, कुशीवर वळता येत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. आयुर्वेदिक दुकानात मिळणारी सर्पगंधा घनवटी तर पुष्कळजण औषधांत मोजतच नाहीत. त्यामुळे डॉक्टरांनी विचारले तरी ती सांगायची राहून जाते. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीबरोबर ती चालू असेल तर दाब नको तितका उतरूही शकतो.

म्हणून कंपवाताची शंका आली तर दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, चूर्णे आणि वट्या पिशवीत घालून न्याव्यात, बंद केलेल्यासुद्धा. मानसिक आजाराच्या गोळ्यांनीही असा त्रास होऊ शकतो, पण त्या मनाने थांबवू नयेत, ते त्या डॉक्टरांनीच ठरवायचे. दोषी गोळी बंद झाली की हालचाल मोकळी व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. काहींची होत नाही. त्यांच्या ब्रेनस्टेममधला काळा पट्टा आधीच झिजू लागलेला असतो आणि गोळीने ते फक्त लवकर उघडकीला आणलेले असते.