पाण्याची परीक्षा घेणाऱ्या एलन

श्रूजबरी आणि वूस्टर यांच्या मध्ये क्विन्सिगमंड तलाव आहे. पुलावरून जाताना तुम्ही तो पाहिला असेल. पाणी छान स्वच्छ दिसतं. पण स्वच्छ दिसणारं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. ते कसं ओळखायचं? आपल्या राज्यात हे काम करणाऱ्या एका बाईंची ही गोष्ट.

एलन स्वॉलो यांचा जन्म १८४२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या डन्स्टेबल गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. काम करून पैसे साठवत त्यांनी पंचविसाव्या वर्षी व्हॅसर कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली.

पुढे त्यांनी एमआयटीत अर्ज केला. तिथे तोपर्यंत एकही मुलगी शिकली नव्हती. एमआयटीने त्यांना घेतलं, तेही फी न घेता! एलन यांना वाटलं, आपण गरीब म्हणून फी माफ झाली. खरं कारण नंतर कळलं. कोणी तक्रार केली, तर ‘ही आमची विद्यार्थिनी नाही’ असं म्हणता यावं, म्हणून फी घेतली नव्हती. तरी त्या शिकत राहिल्या. १८७३ साली त्या एमआयटीच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. १८७५ मध्ये प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

त्या काळी शहरांचं सांडपाणी सरळ नद्यांत सोडलं जाई. तेच पाणी लोक प्यायचे आणि टायफॉइडने आजारी पडायचे. १८८७ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने पाण्याची मोठी तपासणी सुरू केली. त्यासाठी एमआयटीच्या प्रयोगशाळेत राज्यभरातून पाण्याचे हजारो नमुने आले. ते तपासायची जबाबदारी एलन यांच्यावर होती.

त्या पाण्यातलं क्लोराइड मोजायच्या. क्लोराइड मिठात असतं. म्हणून समुद्राजवळच्या पाण्यात ते जास्त असतं आणि दूर गेलं की कमी होत जातं. कुठे किती असायला हवं, याचा नकाशा तयार झाला. एखाद्या विहिरीत त्याहून जास्त सापडलं, तर सांडपाणी मिसळत असल्याची शंका यायची. कारण माणसाच्या लघवीतही मीठ असतं.

ज्या एमआयटीने आधी त्यांना विद्यार्थिनी म्हणायला मागेपुढे पाहिलं, तिथेच त्यांनी १८८४ पासून १९११ मध्ये निधन होईपर्यंत शिकवलं.

हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ बर्फ वितळला की ओढ्या-तलावांत उतरतं. ते किती उतरलं, हे आजही क्लोराइड मोजूनच कळतं.